चोर सोडून ड्रायव्हरला फाशी

"लिनक्सवर संगणकाचं तापमान चुकीचं दिसतं" ही तक्रार मी गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे. कुणाला प्रोसेसर १२७ अंशांवर दिसतो, कुणाला एक निनावी तापमान उणे १२८ दिसतं. कुणाचा पंखा डोळ्यांसमोर गरगरत असतो आणि पडद्यावर मात्र फेरे शून्य. कुणाचा बारा व्होल्टचा पुरवठा साडेअकराच्याही खाली गेलेला असतो. आणि मग ते ठरलेलं वाक्य येतं - फुकटच्या सॉफ्टवेअरकडून दुसरी काय अपेक्षा करणार! हे म्हणणाऱ्यांत चांगले शिकलेसवरलेले, संगणकावरच पोट असलेले लोक असतात, म्हणून जास्तच चीड येते.

माझं म्हणणं सरळ आहे. आकडा वाचून दाखवणाऱ्या ड्रायव्हरचा ह्यात बहुतेक वेळा काही दोष नसतो. त्याला जे ठाऊक आहे ते तो सांगतो. जे ठाऊक नाही ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, आणि ज्यांनी सांगायचं ते तुमच्याकडून मदरबोर्डचे पैसे घेऊन गप्प बसलेले असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यातला हा प्रकार आहे. (मथळ्यात म्हण जरा वाकवली आहे, भाषेच्या मास्तरांनी रागावू नये. मी भूगोलाचा.)

आधी हे प्रकरण काय आहे ते थोडक्यात सांगतो, म्हणजे भांडण कशाबद्दल आहे ते कळेल.

मदरबोर्डवर एका कोपऱ्यात एक छोटी चिप असते, तिला सुपर आयओ म्हणतात. कीबोर्ड, सिरियल पोर्ट, प्रिंटरचा पोर्ट, फ्लॉपी अशी किरकोळ कामं एके काळी तिच्याकडे असायची. त्यातच तिला आणखी एक काम दिलेलं असतं. तापमान, विजेचा दाब आणि पंख्यांचे फेरे ह्यांवर नजर ठेवायची. सुरुवातीला काही मदरबोर्डांवर ह्यासाठी वेगळी चिप असे; नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीची एलएम७८ ही त्यातली गाजलेली. चिप मोजते आणि मोजलेला आकडा आपल्या पोटातल्या बारक्या खणांत ठेवते. ह्या खणांना रजिस्टर म्हणतात. कुठल्या खणात काय आहे ते जाणून तो आकडा आपल्यापर्यंत आणून पोचवणारा, लिनक्सच्या गाभ्यातला म्हणजे कर्नलमधला जो लहानसा प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर. काम हमालाचंच. खणातलं उचलायचं आणि दारात आणून ठेवायचं.

हे काम १९९८ च्या सुमारास फ्रोडो लोयार्ड, फिलिप एडेलब्रॉक अशा मंडळींनी हाती घेतलं. प्रकल्पाचं नाव एलएम-सेन्सर्स. पुढे ज्याँ देलवार आणि ग्युंटर रोक ह्यांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं, वाढवलं. २००५ साली ह्या ड्रायव्हरांना कर्नलमध्ये 'एचडब्ल्यूमॉन' नावाचं स्वतःचं घर मिळालं, आणि आज त्या घरात दोनशेहून जास्त ड्रायव्हर नांदत आहेत. तापमान अंशाच्या हजाराव्या भागात, दाब व्होल्टच्या हजाराव्या भागात, पंखा मिनिटाला किती फेरे त्यात, असे नियमही ठरवून दिलेले आहेत. म्हणजे चिप कुठल्याही कंपनीची असो, बाहेर येणारा आकडा एकाच मापात. घर इतकं नीटनेटकं आहे. मग घोटाळा कुठे होतो?

शाळेत नकाशावाचनाच्या पहिल्या तासाला मी मुलांना एकच गोष्ट बजावायचो. सूची आणि प्रमाण नसेल तर तो नकाशा नव्हे, ते नुसतं चित्र. निळी रेघ नदी आहे की तालुक्याची हद्द, एक सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर की शंभर, हे लिहिलेलं नसेल तर तो कागद घेऊन कुणी प्रवासाला निघू नये. चिपच्या खणातल्या आकड्याचंही तसंच आहे. त्याची सूची दोन जणांकडे असते. कुठल्या खणात काय ठेवलंय हे चिप बनवणाऱ्याला माहीत. आणि चिपच्या कुठल्या पायाला काय जोडलंय हे मदरबोर्ड बनवणाऱ्याला माहीत. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला हे दोन्ही कागद हवेत. पुष्कळदा त्याला एकही मिळत नाही.

विजेच्या दाबाचं उदाहरण घ्या. एलएम७८ च्या खणात ० ते २५५ एवढाच आकडा मावतो आणि एकेक पायरी १६ मिलिव्होल्टची. म्हणजे ह्या चिपला जेमतेम चार व्होल्टपर्यंतचं मोजता येतं. मग बारा व्होल्ट कसे मोजायचे? तर मदरबोर्डवर दोन रेझिस्टर लावून तो दाब आधी कमी करायचा, आणि वाचल्यावर तेवढ्यानेच परत गुणायचं. समजा मदरबोर्डवाल्याने ३० आणि १० किलोओहमची जोडी लावली. बाराचे तीन व्होल्ट झाले, वाचल्यावर चारने गुणले की पुन्हा बारा. पण जोडी २८ आणि १० ची आहे असं धरून हिशेब केला, तर गुणक येतो ३.८, आणि उत्तर येतं ११.४. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या मानकाप्रमाणे बारा व्होल्टला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ही खालची अगदी शेवटची हद्द. रेझिस्टरांत बारीक उणंअधिक असलं की पडद्यावर ११.३ सुद्धा दिसेल. पुरवठा ठणठणीत, पण तो मरायला टेकल्यासारखा दिसणार! आणि ह्या दोन्ही जोड्या काल्पनिक नाहीत बरं का. एलएम-सेन्सर्सच्या जुन्या फायलीत एका चिपसाठी एक आणि दुसरीसाठी दुसरी अशा दोन्ही लिहिलेल्या आहेत.

आता ड्रायव्हरने ह्यात काय करायचं? कर्नलवाल्यांनी शहाणपणाचा नियम केला. ड्रायव्हरने फक्त चिपच्या पायावर प्रत्यक्ष आला तेवढा दाब सांगायचा, तीन तर तीन. गुणाकार बाहेरच्या एका साध्या फायलीत, ज्याच्या त्याच्या मदरबोर्डप्रमाणे. कारण कुठल्या मदरबोर्डवर कुठले रेझिस्टर आहेत हे कर्नलला कळायला मार्ग नाही. ती दोन रेझिस्टरांची ओळ मदरबोर्डच्या पुस्तिकेत छापायला किती शाई लागली असती? पुस्तिकेत पेटी कशी उघडायची, स्क्रू कसा फिरवायचा ह्याची चित्रं असतात. ही ओळ मी तरी आजवर कुठल्या पुस्तिकेत पाहिलेली नाही.

पंख्याचीही गंमत ऐका. पंखा एका फेऱ्यात दोन ठोके देतो. दोन ठोक्यांमध्ये किती वेळ गेला ते चिप मोजते आणि पुन्हा २५५ च्याच खणात ठेवते. फेरे काढायचे तर साडेतेरा लाखांना त्या आकड्याने आणि एका विभाजकाने भागायचं. विभाजक २ असेल आणि पंखा मिनिटाला १२०० फेऱ्यांनी शांतपणे फिरत असेल, तर खणात ५६२ मावायला हवेत. ते मावत नाहीत. खण तुडुंब भरतो आणि पडद्यावर येतं शून्य. विभाजक ८ केला की तोच आकडा १४१ होतो आणि पंखा एकदम 'चालू' होतो! पंखा आधीही चालूच होता. नव्या चिपांमध्ये १६ बिटांचा खण आला आणि ही अडचण सरली. पण ज्या चिपेचं माहितीपत्रक जाहीर होतं, तिच्या बाबतीत हे निदान कळलं तरी. जिचं जाहीर नाही तिच्या बाबतीत तोच शून्य बघून माणूस पंखा बदलून आणतो. नव्यानेही शून्यच दाखवलं की मग लिनक्सला शिव्या!

बरं, हे चिपांपुरतंच आहे असंही नाही. इंटेलच्या कोअर प्रोसेसरांत तापमापक आतच बसवलेला असतो. त्याच्यासाठी 'कोअरटेम्प' हा ड्रायव्हर २००७ साली कर्नलमध्ये आला. हा तापमापक 'आत्ता किती' हे सांगतच नाही. तो सांगतो, कमाल मर्यादेपासून अजून किती अंश खाली आहे ते. मर्यादा शंभर असेल आणि तो चाळीस म्हणाला, तर तापमान साठ. मर्यादा पंच्याऐंशी असेल, तर पंचेचाळीस. मग मर्यादा किती? सुरुवातीच्या त्या पिढीत ती प्रोसेसरमधून खात्रीने वाचताच यायची नाही, आणि सगळ्या प्रकारांसाठी नीट जाहीरही केलेली नव्हती. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी प्रोसेसरचे नंबर बघून अंदाजाचे तक्ते केले. पंधरा अंशांचा फरक हा ड्रायव्हरचा गबाळेपणा नव्हता, कंपनीने न सांगितलेल्या एका आकड्याचा तो परिणाम होता. नेहेलम पिढीपासून ती मर्यादा प्रोसेसरच्याच एका खणात वाचता येऊ लागली आणि वाद आपोआप संपला. एक आकडा सांगितला, प्रश्न मिटला. इतकंच लागतं!

ह्याहून बोलकं उदाहरण एएमडीचं आहे. २०१७ साली त्यांचे रायझन प्रोसेसर आले तेव्हा १७००एक्स आणि १८००एक्स हे दोन प्रकार फारच गरम दिसायला लागले. मग कंपनीने जाहीर केलं की ह्या प्रकारांत दाखवलं जाणारं तापमान पंख्याच्या नियंत्रणाच्या सोयीसाठी मुद्दाम वीस अंशांनी वाढवलेलं आहे. 'के१०टेम्प' ह्या ड्रायव्हरमध्ये एक छोटा तक्ता आला, त्यात वीस वजा करायची नोंद झाली, विषय संपला. आता त्याच ड्रायव्हरची दुसरी गोष्ट ऐका. २०२० मध्ये कर्नलच्या ५.६ आवृत्तीत त्यात ह्याच झेन घराण्याच्या प्रोसेसरांचा विजेचा दाब आणि प्रवाह दाखवण्याची सोय घातली. अधिकृत माहितीपत्रक नव्हतं, लोकांनी खटपट करून शोधलेल्या जागा होत्या. काही प्रोसेसरांवर आकडे बरोबर, काहींवर भलतेच. २०२१ मध्ये ५.११ आवृत्तीत ती सोय काढून टाकली. कागदाच्या आधाराशिवाय हे आकडे खरे ठेवता येणार नाहीत, म्हणून न दाखवलेले बरे. घराणं तेच, ड्रायव्हर तोच. सांगितलं तिथे एका ओळीत काम झालं, न सांगितलं तिथे केलेलं कामही मागे घ्यावं लागलं.

आणि मला हा माघार घेण्याचा गुण फार मोलाचा वाटतो. ह्याच के१०टेम्पमध्ये आणखी एक दाखला आहे. एएमडीच्या फेनॉम पिढीतल्या काही प्रोसेसरांचा तापमापक भरवशाचा नव्हता. कंपनीने तो दोष ३१९ क्रमांकाने स्वतःच जाहीर केला होता. (सांगितल्याचं श्रेय द्यायला हवं, ते मी देतो.) त्या प्रोसेसरांवर ड्रायव्हर काय करतो? साफ नकार देतो. तापमापक विश्वासार्ह नाही, दाखवणार नाही. हट्टच असेल तर तुमच्या जबाबदारीवर जबरदस्तीने चालू करा. विचार करा, बाजारात किती यंत्रं आपल्याला असं सांगतात? वजनकाटा कधी म्हणतो का, की माझा भरवसा नाही, माझ्यावर तोलू नका?

पण आपल्या लोकांना नकार म्हणजे अपयश वाटतं. २००९ मध्ये, २.६.३१ आवृत्तीपासून, कर्नलने आणखी एक नकार द्यायला सुरुवात केली. मदरबोर्डचं स्वतःचं फर्मवेअरही त्याच चिपशी बोलत असतं. ह्या चिपेशी बोलायची रीत अशी, की एका दारातून खणाचा नंबर सांगायचा आणि दुसऱ्या दारातून आकडा घ्यायचा. तुम्ही नंबर सांगितलात आणि आकडा घ्यायच्या आत फर्मवेअरने दुसराच नंबर सांगितला, तर तुमच्या हातात भलत्याच खणातला आकडा येणार. वाचताना असं झालं तर फक्त चुकीचा आकडा दिसेल. लिहिताना झालं तर पंखा बंद पडायचा. म्हणून फर्मवेअरने ती जागा आपली म्हणून नोंदवलेली असेल, तर कर्नल ड्रायव्हरला आत सोडत नाही. ह्यावर हुशार मंडळींनी काय केलं? कर्नलला 'जरा सैल सोड' असं सांगणारा एक शब्द शोधला आणि एकमेकांना वाटत सुटले. कडी काढून टाकायची, आणि आत भलतंच दिसलं की ड्रायव्हरच्या नावाने बोंब मारायची. ही कडी का लावली आहे आणि ती लावायची वेळ कुणी आणली, असं विचारणारा विरळा.

आता दुसरी बाजू. ह्या लोकांनी कधी नुकसान केलंच नाही असं मी म्हणणार नाही. थिंकपॅड लॅपटॉपचं प्रकरण प्रसिद्ध आहे. ह्या चिपा स्वतःची ओळख धड सांगत नाहीत. एलएम७५ सारख्या साध्या तापमापकात तर ओळखीचा खणच नाही. त्यामुळे त्या शोधायच्या म्हणजे अंधारात एकेका दारावर टकटक करत जायचं. आयबीएमच्या काही थिंकपॅडमध्ये अशाच एका दारामागे महत्त्वाची माहिती साठवणारी एक मेमरी चिप होती. साधी टकटक झाली की तिला ती लिहिण्याची आज्ञा वाटे, आतली माहिती बिघडे, आणि लॅपटॉप सुरूच होईनासा होई. लोकांचे लॅपटॉप दुरुस्तीला गेले. हे वाईट झालं, ह्यात शंका नाही.

पण त्यानंतर काय झालं ते बघा. एलएम-सेन्सर्सवाल्यांनी ही गोष्ट दडवली नाही. प्रकल्पाच्या कागदपत्रांत थिंकपॅडसाठी वेगळा इशारा लिहिला, आणि कर्नलच्या संबंधित ड्रायव्हरमध्ये आयबीएमची यंत्रणा दिसली की चालायलाच नकार द्यायची तजवीज केली. ती ओळ पुढे कित्येक वर्षं तिथे राहिली. चूक झाली, चारचौघांत सांगितली, पुन्हा होऊ नये म्हणून दाराला कुलूप लावलं. आणि मुळात टकटक का करावी लागली? कुठल्या दारामागे काय आहे ह्याची यादी हातात नव्हती म्हणून. अंधारात चालणारा ठेचकाळला, ह्याचा सगळा दोष त्याच्याच पायांना देणार, की दिवा असून न लावणाऱ्याला काही बोलणार?

माझा भाचा पुण्यात ह्याच धंद्यात आहे. तो म्हणतो, "मामा, कंपनीचं स्वतःचं ॲप असतं की विंडोजवर! त्यात सगळं नावानिशी दिसतं. तुम्हीच कशाला लिनक्सचा हट्ट धरता?" अरे बाबा, हाच तर माझा मुद्दा आहे! कंपनीच्या ॲपमध्ये नावानिशी दिसतं, ह्याचा अर्थ सूची तयार आहे. कुणी तरी ती टंकली आहे, तपासली आहे. फक्त ती तुम्हाला द्यायची नाही, कंपनीच्या ॲपच्या पोटात ठेवायची. २०२१ साली कर्नलमध्ये गिगाबाइटच्या मदरबोर्डांसाठी एक ड्रायव्हर आला. तो फर्मवेअरलाच विचारतो आणि सहा तापमानं आणून दाखवतो. नाव मात्र एकाचंही नाही. पहिलं, दुसरं, तिसरं... सहा विद्यार्थ्यांचे गुण फळ्यावर लावले आणि हजेरीपट कपाटात कुलूपबंद, असा हा मामला. पुन्हा, ॲपला वय असतं. कंपनी नवा मदरबोर्ड काढते, जुन्याचं ॲप अद्ययावत करणं सोडून देते. मदरबोर्ड मात्र दहा-दहा वर्षं कुणाच्या दवाखान्यात, कुणाच्या दुकानात, कुणाच्या शाळेत इमानाने चालत असतो.

मी स्वतः एका कंपनीला पत्र लिहिलं होतं. नाव सांगत नाही, कारण भांडण एका कंपनीशी नाही. माझ्या मदरबोर्डवरचं तिसरं तापमान कशाचं आहे, एवढंच विचारलं होतं. उत्तर आलं, की आमच्या वस्तूवर आपण विश्वास दाखवल्याबद्दल आभार, आणि कृपया आमचं विंडोजचं ॲप वापरावं. मी जकार्ताला जायचा रस्ता विचारला नव्हता, माझ्याच घरातल्या दिव्याचं बटण कोणतं ते विचारलं होतं.

दुसरा आक्षेप असतो गुपिताचा. माहितीपत्रक जाहीर केलं तर प्रतिस्पर्धी नक्कल करतील म्हणे. तापमान कुठल्या खणात आहे हे सांगितल्याने चिप कशी बनवायची ते कळतं का? घराचा नंबर सांगितल्याने तिजोरीची किल्ली जाते का? नॅशनल सेमीकंडक्टरने एलएम७५ आणि एलएम७८ ची पत्रकं खुशाल जाहीर ठेवली होती. त्यांच्या चिपा त्यामुळे खपायच्या थांबल्या नाहीत. उलट एलएम७५ ची ठेवण इतकी रूढ झाली की इतर कंपन्यांनी तिच्याशी जुळणारे तापमापक काढले आणि एकाच ड्रायव्हरवर ते सगळे चालतात. आता कर्नलमधल्या आयटीई कंपनीच्या चिपांच्या कागदपत्रांकडे बघा. चिपेचं नाव, आणि खाली बऱ्याच नव्या चिपांपुढे एकच शेरा - माहितीपत्रक जाहीररीत्या उपलब्ध नाही. पुढच्या चिपेला तोच, तिच्या पुढचीलाही तोच. नुव्होटनच्या काही चिपांपुढे 'मागितल्यास मिळेल' असं आहे, ते निदान बरं. मागणाऱ्याला भाकर मिळते. आयटीईच्या दारात मात्र ड्रायव्हर लिहिणारा ताटकळत उभा, आणि आत शिरता येत नाही म्हणून बाहेरची गर्दी त्यालाच धोपटते आहे.

गुपिताचा आक्षेप किती पोकळ आहे हे बघायचं तर डिस्कांकडे बघा. हार्डडिस्क आणि एसएसडी बनवणाऱ्या कंपन्या काय एकमेकींच्या मैत्रिणी आहेत? पण त्यांनी तापमान कसं सांगायचं ह्याचं मानक एकत्र बसून ठरवलं आणि लेखी ठेवलं. परिणाम असा, की २०२० च्या सुरुवातीला कर्नलच्या ५.५ आवृत्तीत एनव्हीएमई डिस्कांचं तापमान दिसायला लागलं आणि त्याच वर्षी ५.६ मध्ये 'ड्राइव्हटेम्प' हा ड्रायव्हर येऊन साटा डिस्कांचंही. कंपनी कुठली, मॉडेल कुठलं, काही विचारावं लागत नाही. एनव्हीएमई तापमान केल्व्हिनमध्ये देते. का देते? मानकात तसं लिहिलंय म्हणून. ड्रायव्हर त्यातून २७३ वजा करतो आणि सेल्सिअस दाखवतो. कुठे अंदाज नाही, तक्ता नाही, पत्रव्यवहार नाही. त्याच कर्नलमध्ये, त्याच मंडळींच्या हातून झालेलं काम आहे हे. मग मदरबोर्डच्या तापमानाशी आल्यावरच ह्यांना काम येईनासं होतं की काय?

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. प्रोसेसर आता स्वतःचा सांभाळ करतो. फार तापला तर आपण होऊन मंद होतो, त्याहून तापला तर बंद पडतो. मग हे आकडे हवेत कशाला? मान्य, प्रोसेसर सांभाळतो, पण स्वतःला. डिस्कला नाही, वीजपुरवठ्याला नाही, मदरबोर्डवरच्या कपॅसिटरांना नाही. आणि 'मंद होतो' म्हणजे काय, तर तुम्हाला वाटतं संगणक म्हातारा झाला, नवा घ्यावा. खरं कारण धुळीने भरलेला पंखा असतो. मे महिन्यात अकोल्याला, चंद्रपूरला बाहेर पारा पंचेचाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात संगणक कसल्या हवेत श्वास घेत असेल त्याचा विचार करा. तिथे पंखा मरायच्या आधी काही महिने मंदावत जातो. बाराशेचे हजार, हजारचे आठशे. हे उतरते आकडे ज्याला दिसतात तो ब्रश घेऊन पंखा साफ करतो, नाही तर नवा आणतो. ज्याला नुसतं शून्य दिसतं किंवा काहीच दिसत नाही, तो अख्खा संगणक बदलतो. हे न सांगणं कुणाच्या पथ्यावर पडतं ते मी सांगायला नको.

ड्रायव्हरांत चुका नसतातच असं माझं म्हणणं नाही. असतात. पण त्या उघड्यावर असतात. कुणी केली, कधी दुरुस्त झाली, का झाली, सगळं तारीखवार लिहिलेलं असतं आणि ज्याला वाचता येतं त्याने वाचावं. मदरबोर्डवाल्याच्या ॲपमध्ये चूक असेल तर ती कुणाला कळणार? तिथला आकडा रंगीत गोल घड्याळात दिसतो, म्हणून तो खरा, एवढाच त्याला पुरावा.

मागणी फार मोठी नाही. चिप विकणाऱ्याने खणांची यादी जाहीर करावी. चिप कशी बनवली ते सांगू नये, फक्त आकडा कुठे ठेवला ते सांगावं. मदरबोर्ड विकणाऱ्याने एक पानभर तक्ता द्यावा: कुठल्या पायाला कोणतं तापमान, कोणता दाब, रेझिस्टर किती किती, कुठल्या पंख्याला कोणता क्रमांक, आणि कोणते पाय मोकळे सोडले आहेत. ते उणे १२८ आणि १२७ बहुतेकदा ह्या मोकळ्या पायांचेच असतात. जिथे तापमापक जोडलाच नाही तिथलं तापमान चिप बिचारी काय सांगणार! आणि तुम्ही-आम्ही विकत घेणाऱ्यांनी, मदरबोर्ड घेताना किमतीबरोबर हा तक्ताही मागावा. दुकानदाराला माहीत नसेल. नसू दे. शंभर जणांनी विचारलं की तो वितरकाला विचारेल, आणि वितरक कंपनीला. मीटर बसवून घेतलेल्या माणसाला मीटर वाचायचा हक्क असतो. वीज मंडळाने मीटर लावला आणि त्यावरचे आकडे युनिट आहेत की आणखी काही ते आमच्याच माणसाला कळेल असं सांगितलं, तर आपण मोर्चा काढू. इथे मात्र आपण मुकाट पैसे मोजतो आणि वर राग काढतो तो न मोबदला मागता आकडा वाचून दाखवणाऱ्या ड्रायव्हरवर.

तोवर एवढं तरी करा. पुढच्या वेळी पडद्यावर विचित्र आकडा दिसला की तो ड्रायव्हर कुठल्या चिपेचा आहे ते बघा, आणि कर्नलच्या कागदपत्रांत त्या चिपेच्या नावापुढे माहितीपत्रकाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. एकच ओळ असते. शिव्या द्यायच्याच असतील तर ती ओळ वाचून द्या, म्हणजे त्या योग्य पत्त्यावर जातील.